नास्तिक उमेदवार आणि औक्षणाचे ताट

१२ एप्रिल २०२२ रोजी ठाण्यात झालेल्या 'उत्तरसभे'त राज ठाकरे यांनी शरद पवार यांच्यावर जे आरोप केले, त्यांतला एक आरोप पवार नास्तिक असल्याचा होता. त्या सभेतील भोंग्यांविषयीच्या इशाऱ्याची चर्चा पुढे कित्येक आठवडे चालली आणि हा आरोप तिच्याखाली दबून गेला. मला मात्र तो तेव्हापासून अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे, कारण त्याला मिळालेले उत्तर महाराष्ट्राच्या राजकारणाविषयी बरेच काही सांगून जाते. 'समजा असलो नास्तिक, तर काय बिघडले?' असे उत्तर पवारांनी दिले नाही. आपण निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ बारामतीतल्या कोणत्या मंदिरात फोडतो हे त्यांनी सांगितले आणि आपण त्याचे प्रदर्शन करत नाही, अशी पुस्ती जोडली. समर्थकांनी लगोलग त्यांची पूजाअर्चा करतानाची जुनी छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरवली. पुढच्याच महिन्यात पुण्यात दगडूशेठ गणपतीचे दर्शन त्यांनी बाहेरूनच घेतले, तेव्हा ते आत का गेले नाहीत याचा खुलासा पक्षाच्या शहराध्यक्षांना करावा लागला. मांसाहार केलेला असल्यामुळे ते आत गेले नाहीत, असे सांगण्यात आले.

पवारांची व्यक्तिगत श्रद्धा काय आहे, हा माझा विषय नाही. पन्नासहून अधिक वर्षे निवडणुकीच्या राजकारणात असलेल्या, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या आणि राज्याचे मुख्यमंत्रिपद अनेकदा भूषवलेल्या नेत्यालाही या एका शब्दावर मंदिराचा दाखला द्यावासा वाटला, हे मला लक्षणीय वाटते. मग जिच्यामागे पक्ष नाही, घराणे नाही आणि साखर कारखानाही नाही, अशी व्यक्ती ठाणे किंवा नवी मुंबईच्या एखाद्या प्रभागात 'मी देव मानत नाही' असे उघड सांगून उभी राहिली, तर तिचे काय होत असेल?

कायद्याने तिची वाट अडवलेली नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतील नमुन्यानुसार शपथ घ्यावी लागते. ही अट १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आली, आणि त्या नमुन्यात ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याचा आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याचा असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेले असतात. राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत मांडली होती. देवावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली आणि हृदयनाथ कुंझरूंनी दुरुस्तीला विरोध केला. कामत मात्र मतदानाच्या मागणीवर ठाम राहिले. बाजूने ४१ मते पडली, विरोधात ६८. त्या ६८ जणांपैकी बहुतेक जण श्रद्धाळूच असणार. श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे आणि राज्याच्या दस्तऐवजाने ती कोणावर लादू नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

इंग्लंडमध्ये हा हक्क मिळवताना एका माणसाची सहा वर्षे गेली. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्दम्प्टनमधून निवडून आले. शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची त्यांची मागणी फेटाळण्यात आली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थच काय, असे म्हणून तीही घेऊ देण्यात आली नाही. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि सभागृह त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहिले. अखेर १८८६ मध्ये त्यांना आसन मिळाले आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा कायदा झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते आणि त्यांचे मोठे स्वागत झाले होते. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ब्रिटिश संसदेत बोलणारा आपला माणूस, या नात्याने ते स्वागत होते, आणि त्यांच्या नास्तिकतेची अडचण त्या मंडपात कोणाला झाल्याचे दिसत नाही.

अमेरिकेविषयी थोडक्यात सांगतो. तिथल्या काही राज्यांच्या घटनांमध्ये ईश्वराचे अस्तित्व नाकारणाऱ्याला सार्वजनिक पद धारण करता येणार नाही, असे कलम आजही छापील स्वरूपात शिल्लक आहे. टॉर्कासो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिलेल्या निकालाने ते निष्प्रभ झाले, तरी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल शहराच्या परिषदेवर निवडून आलेल्या सेसिल बॉथवेल यांच्याविरुद्ध विरोधकांनी तेच कलम पुढे केले होते. पक्षाने नास्तिक उमेदवार दिला तर त्याला मत द्याल का, हा प्रश्न गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था तिथे १९५८ पासून विचारत आली आहे. तेव्हा १८ टक्के लोकांनी होकार दिला होता, २०२० मध्ये ६० टक्क्यांनी दिला. म्हणजे तिथे अडथळा मतदाराच्या मनात होता आणि तो हळूहळू ओसरत आहे. आपल्याकडचा अडथळा वेगळ्या जागी आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी जवळून पाहिलेल्या एका प्रचारावरून बनले आहे.

ठाणे महापालिकेत १३१ जागा आहेत आणि चार सदस्यांच्या प्रभागपद्धतीत त्यांचे ३३ प्रभाग होतात. २०११ च्या जनगणनेचे साडेअठरा लाखांच्या घरातले ठाणेकर त्यांत वाटले, तर एका प्रभागात पन्नास हजारांहून अधिक माणसे येतात. नवी मुंबईत १११ जागांसाठी २८ प्रभाग आहेत. इतक्या माणसांपर्यंत दहा-बारा दिवसांत पोहोचायचे म्हणजे जिथे माणसे आधीच जमलेली असतात तिथे जाणे भाग असते. ती जमतात कुठे? गणेशोत्सव मंडळात, नवरात्राच्या मांडवात, सोसायटीच्या वार्षिक सत्यनारायणाला, गावठाणात गावदेवीच्या जत्रेला, एकवीरेच्या पालखीला, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत. टेंभीनाक्याचे नवरात्र आणि तिथली दहीहंडी यांच्याभोवती ठाण्याचे राजकारण किती फिरले आहे, हे ठाणेकराला वेगळे सांगायला नको. नास्तिकतेमुळे मते किती कमी होतात हे मला सांगता येणार नाही, पण मतदार भेटण्याच्या जागा मात्र निम्म्याहून कमी होतात, हे मी खात्रीने सांगू शकतो.

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षिका गेल्या जानेवारीच्या निवडणुकीत एका छोट्या आघाडीतर्फे उभ्या होत्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून मीही इथे बाईच म्हणतो. बाई देव मानत नाहीत आणि हे त्या विचारणाऱ्याला सांगतात, न विचारणाऱ्याला सांगत नाहीत. पॅनेलमधील इतर तिघांना प्रचाराचा नारळ देवळात फोडायचा होता. बाई देवळाबाहेर उभ्या राहिल्या आणि तिथून निघालेल्या फेरीत सामील झाल्या. इथपर्यंत सगळे समजुतीने झाले. पहिली कुरबुर फ्लेक्सवरून झाली. बाई टिकली लावत नाहीत, परंतु छपाई होऊन आलेल्या फ्लेक्सवर त्यांच्या कपाळावर ठसठशीत लाल टिकली होती. फ्लेक्सवाल्याने ती स्वतःच्या मनाने लावली होती. "ताई, फोटो उघडा वाटत होता," एवढेच त्याचे स्पष्टीकरण. वर कोपऱ्यात गणपतीही होता, पण तो सगळ्यांच्याच फ्लेक्सवर असतो, त्याला साचाच म्हणतात. पुन्हा छापायला ना वेळ होता ना पैसे, त्यामुळे बाई टिकलीसह प्रभागभर झळकल्या.

खरी कसोटी दारोदारच्या फेरीत लागली. आपल्याकडे उमेदवार दारात आला की त्याला ओवाळतात. ताम्हनात निरांजन, हळद-कुंकवाच्या वाट्या, सुपारी, चार अक्षता. घरातली बाई पुढे येते, ओले बोट कपाळाला टेकवते आणि ताट तीनदा फिरवते. हे देवाचे कर्म आहे की पाहुण्याचे स्वागत? मला विचाराल तर बारा आणे स्वागत आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आलेल्या बाईंनी "मी हे मानत नाही" असे म्हणून हात आडवा केला असता, तर तो नकार देवाला लागला नसता, ज्या गृहिणीने गॅस बंद करून लगबगीने ताट केले तिला लागला असता. बाईंनी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकले, की माणसाने दिलेला मान घ्यायचा, मूर्तीसमोर हात जोडायचे नाहीत आणि तीर्थप्रसाद दिला तर तो खाण्याचा पदार्थ म्हणून घ्यायचा. कडव्या नास्तिकाला ही तडजोड वाटेल. मला ती सभ्यपणाची रीत वाटली.

याच ताटातून दुसरा पेच निघाला. ओवाळले की ताटात काहीतरी टाकायची रीत आहे, आणि आचारसंहितेच्या काळात उमेदवाराने मतदाराच्या ताटात नोट टाकली तर ते आमिष ठरू शकते. बाई काही टाकत नसत. त्यांचे कार्यकर्ते प्रत्येक दारात "आचारसंहिता आहे हो" असे हसून सांगत. गंमत अशी की ताटात काही न टाकणाऱ्या उमेदवाराविषयी "ह्या देवाधर्माचं काही मानत नाहीत, म्हणून ओवाळणी घालत नाहीत" अशी कुजबुज एका इमारतीत झाली. निवडणूक आयोगाचा नियम पाळल्याचे पाप नास्तिकतेच्या खात्यावर जमा झाले.

एका चाळवजा इमारतीत एका आजींनी थेट विचारले, "तुम्ही देव मानत नाही म्हणे?" बाई म्हणाल्या, "नाही मानत, आजी." मी मागे उभा होतो आणि आता काय होणार म्हणून चपलेत पाय सरकवून तयार होतो. आजी म्हणाल्या, "आमचा धाकटापण तसाच आहे. बसा, चहा टाकते." महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असा एक धाकटा असतोच. त्याच्याशी कोणी बोलणे तोडत नाही, दिवाळीला त्याच्या वाटचा फराळ ठेवतात आणि आरतीच्या वेळी तो गॅलरीत उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक असते. घराने त्याला पचवलेले आहे. पण त्याच बाईंविषयी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलेला मजकूर वेगळ्याच भाषेत होता. त्यांना मत म्हणजे मंडपाची परवानगी बंद, विसर्जन तलाव बंद, असा त्याचा आशय होता. समोरासमोर एकाही मतदाराने जे म्हटले नाही, ते निनावी मजकुराने म्हटले, आणि त्याचा खुलासा करण्यात प्रचाराचे दोन मोलाचे दिवस गेले. त्यातच प्रचाराच्या दिवसांत अंगारकी आली. इतर उमेदवार गणपतीच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या वाटत असताना बाई कुठे होत्या, हा प्रश्न त्या दिवशी आपसूकच विचारला गेला. त्या पाण्याच्या टाकीच्या तक्रारीसाठी प्रभाग कार्यालयात गेल्या होत्या, पण तिथे छायाचित्र काढायला कोणी नव्हते.

पक्षांचे गणित याहून सरळ असते. तिकिटाच्या मुलाखतीत निवडून येण्याची क्षमता पाहतात, आणि मंडळांशी संबंध हा त्या क्षमतेचा मोठा भाग असतो. कोणत्या मंडळाला किती वर्गणी दिली, किती देवीदर्शनाच्या बसगाड्या सोडल्या, हे नि:संकोच सांगितले जाते. नास्तिक इच्छुकाकडे या रकान्यात लिहायला काही नसते. वाचनालय चालवले, दाखल्यांसाठी शिबिरे घेतली, ही कामे त्याच्या तोडीची धरली जात नाहीत.

मग डाव्या आणि आंबेडकरी चळवळीतील उमेदवारांचे कसे चालते? इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. १९५७ मध्ये ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, वारली आदिवासींच्या लढ्याची पुण्याई होती आणि परुळेकर देव मानतात का, हा प्रश्नच त्या निवडणुकीत उद्भवण्याचे कारण नव्हते. केरळमध्ये कम्युनिस्ट मंत्री ईश्वराचे नाव न घेता 'सगौरवं' प्रतिज्ञा करतात आणि तो तिथे शिरस्ता झाला आहे. २००६ मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या दोन आमदारांनी ईश्वराच्या नावाने शपथ घेतली, तर उलट त्यांनाच पक्षाला उत्तर द्यावे लागले. १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ती घेतलेल्या समाजातील कितीतरी नगरसेवक ठाण्यात आणि नवी मुंबईत झाले, आणि त्यांना नास्तिक म्हणून कोणी हिणवत नाही. पाठीशी समाज असला, विहार असला, लाल बावटा असला की देव न मानणे खपून जाते. एकट्याने, स्वतःच्या बुद्धीला पटले म्हणून देव न मानणारा माणूस तेवढा संशयास्पद ठरतो. त्याच्या पाठीशी किती माणसे आहेत? २०११ च्या जनगणनेत स्वतःहून 'नास्तिक' अशी नोंद करणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले, आणि त्यांत महाराष्ट्र साडेनऊ हजारांहून अधिक संख्येने सर्वांत पुढे होता. हा काही मतदारसंघ नव्हे.

सरकारी अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, 'कोणताही धर्म नाही' असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला आहे. हक्क कागदावर पक्का आहे. निवडणुकीच्या कायद्यात मात्र एक विचित्र कोपरा राहतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ धर्माच्या आधारावर मत मागण्याला आणि दैवी अवकृपेची भीती घालण्याला भ्रष्ट आचार ठरवते. मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० मधील निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, या बंदीची व्याप्ती वाढवली. आता उमेदवाराचा, प्रतिस्पर्ध्याचा किंवा मतदाराचा, कोणाचाही धर्म त्यात येतो. पण 'तो नास्तिक आहे, त्याला मत देऊ नका' हे आवाहन धर्माच्या आधारावरचे ठरेल का? ज्याला धर्मच नाही त्याने आपल्या धर्माचा अवमान झाल्याची तक्रार कशी करावी? आणि सत्तावीस वर्षांनी लागलेला निकाल हाती घेऊन त्याने प्रचार कधी करावा?

याउलट नास्तिकावर मात्र कायद्याचे ओझे चटकन येऊन पडते. जाहीरपणे चिकित्सा करणाऱ्यावर धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवणे सोपे आहे. पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २९५ अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झाले आहे. विधानसभेच्या उमेदवाराला प्रलंबित गुन्हे शपथपत्रात लिहावे लागतात आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांची प्रसिद्धीही तीन वेळा करावी लागते. दहा वर्षांपूर्वी एखाद्या बुवाच्या चमत्काराचे रहस्य उलगडून दाखवणारा कार्यकर्ता अशा जाहिरातीत खंडणीखोरांच्या शेजारी गुन्हे असलेला उमेदवार म्हणून दिसतो.

या सगळ्याचा परिणाम म्हणून आपल्याकडे एक सुरक्षित वाक्य तयार झाले आहे, 'मी देव माणसात पाहतो'. गाडगेबाबांनी हा विचार कीर्तनातून लाखो लोकांपुढे मांडला तेव्हा त्याला धार होती, कारण त्याच कीर्तनात ते दगडाच्या देवाविषयी श्रोत्यांना उलटे प्रश्न विचारत आणि नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांवरून त्यांची खरडपट्टी काढत. उमेदवाराच्या तोंडी हेच वाक्य आडोसा होते. श्रद्धाळूला त्यात श्रद्धा ऐकू येते, अश्रद्धाला अश्रद्धा, आणि बोलणारा कशालाच बांधला जात नाही. भीती किती खोल आहे हे जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रवासातही दिसले. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे सांगत होते की आपली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माविषयी तटस्थ आहे, विरोध शोषणाला आहे. तरीही कायदा रखडला, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर आठवडाभरात वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यात यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, असे नावानिशी लिहावे लागले. देव मानू नका, असे त्या मसुद्यात कुठेही नव्हते.

बाई हरल्या. त्यांच्या पॅनेलमधील, देवळात नारळ फोडणारे तिघेही हरले, आणि त्यांची मते बाईंपेक्षा फार वेगळी नव्हती. त्यामुळे नास्तिकतेने बाईंना पाडले असे म्हणणे खोटे ठरेल. पैसा, यंत्रणा आणि मोठ्या पक्षांची लाट या गोष्टी पुरेशा होत्या. निकालानंतरच्या बैठकीत आघाडीतल्या एका ज्येष्ठाने पुढच्या वेळी 'तो विषय' झाकून ठेवण्याचा सल्ला दिला. माझे मत उलट आहे आणि मी ते तिथेच मांडले. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला बळ मिळाले ते बाई नास्तिक असल्यामुळे नव्हे, तर ती बातमी दुसऱ्याने फोडल्यामुळे. पुढच्या वेळी परिचयपत्रकात शिक्षण आणि अनुभव यांच्या खाली एक ओळ त्यांनी स्वतःच छापावी, की मी देव मानत नाही, तुमच्या उत्सवांच्या परवानग्या नियमानुसार मिळतील आणि मंडपासाठी खणलेले खड्डे उत्सवानंतर बुजवले जातील. बाईंना ही ओळ पसंत आहे. आघाडीने अजून काही कळवलेले नाही.